व्हिक्टरच्या ड्रॉवरमधली पिवळी पाकिटं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण सांगताना मध्येच कुणी हसलं की माझं सगळं बिनसतं. सिंगापूरसारख्या शहरात, भर दुपारी, वन-नॉर्थ नावाच्या लॅबांच्या भागातली एक अख्खी इमारत मी रिकामी करायला लावली होती. आमच्या बॉसबाईंपासून सफाई करणाऱ्या आंटीपर्यंत सगळी माणसं बाहेर हिरवळीवर उन्हात उभी. आणि कशापायी? सांगते ना. चहा घ्या तोवर.

ही गोष्ट दहाएक वर्षांपूर्वीची. मी तिथे एका कंपनीच्या लॅबमध्ये खरेदी आणि स्टोअर सांभाळत होते. शास्त्रज्ञ शोध लावायचे आणि मी त्यांना स्क्रू, नळ्या, रसायनं आणून द्यायचे. माझ्या सहीशिवाय तिथे टिश्यूचा डबासुद्धा आत येत नसे.

आता स्वभावाचं म्हणाल, तर मी पहिल्यापासून संशयी. भाजीवाल्याचा काटा, रिक्षाचा मीटर, डॉक्टरांचं निदान, मला सगळीकडे काहीतरी लपवलेलं दिसतं. माझा नवरा मंदार म्हणतो, तुला कुणी प्रसाद दिला तरी तू आधी त्याची एक्स्पायरी डेट बघशील. मंदार पुण्यातली नोकरी सोडून माझ्याबरोबर आला होता. क्लेमेंटीला आमचा भाड्याचा फ्लॅट. माझ्या नोकरीच्या पासवर तो डिपेंडंट, म्हणजे माझी नोकरी गेली की दोघांनी बॅगा भरायच्या. तो घर बघायचा, स्वयंपाक करायचा, आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा दहापट चांगला करायचा.

अशात आमच्या लॅबला व्हिक्टर आला. साठी ओलांडलेला, उंच, पांढऱ्या भुवया जाड ब्रशसारख्या. मूळचा सोव्हिएत काळातला इंजिनिअर. मुलगी सिंगापुरात स्थायिक झाली म्हणून हाही बेडोकला तिच्याकडे राहायला आलेला. मशिनं दुरुस्त करायला त्याला घेतलं होतं. खिशात कायम एक दोऱ्याची जाळीदार पिशवी घडी करून ठेवलेली. वाटेत कधी काय मिळेल सांगता येत नाही, म्हणून. माझ्या मनात पहिल्याच दिवशी नोंद झाली. ज्या शहरात पावलोपावली दुकानं आहेत, तिथे हा माणूस कशाची वाट बघत फिरतोय?

पहिल्याच महिन्यात एका पंपाची रबरी रिंग गेली. मी कंपनीला फोन केला. ते म्हणाले, परदेशातून येईल, दीड महिना लागेल. शास्त्रज्ञांचे चेहरे पडले. व्हिक्टरने खांदे उडवले आणि म्हणाला, गुरुवारी येईल.

गुरुवारी रिंग आली. अगदी मापात बसली. मी बिल मागितलं, तर म्हणाला बिल नाही.

तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण खरेदी खात्यातल्या माणसाला बिलाशिवाय आलेली वस्तू म्हणजे काय, ते मला विचारा. घरी आल्यावर सोफ्यावर अनोळखी माणूस टीव्ही बघत बसलेला दिसावा, तसं ते.

मग हे सुरूच झालं. काचेचं भांडं फुटलं, दुसऱ्या दिवशी नवं. कुणाला एका दिवसापुरता मायक्रोस्कोप हवा होता, तर पलीकडच्या इमारतीतल्या लॅबमधून हा ट्रॉलीवर ढकलत घेऊन आला. बिल नाही, चलन नाही, काही नाही. मी विचारलं की एकच उत्तर, “ओळखीचा माणूस आहे.”

एकदा मी त्याला कँटीनमध्ये गाठून सरळ विचारलं, की तू पूर्वी नक्की काय काम करायचास? त्याने अगदी मोकळेपणाने सांगितलं. त्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना होता. किती ट्रॅक्टर करायचे, त्यांची बेअरिंगं कुठून येणार, पत्रा कुठून येणार, सगळं वरून ठरून यायचं. कागदावर सगळं वेळच्या वेळी पोचायचं. प्रत्यक्षात बेअरिंगं यायचीच नाहीत. आणि ट्रॅक्टर तर झालेच पाहिजेत, नाहीतर साहेबाची खुर्ची गेली. म्हणून प्रत्येक कारखान्याने एक माणूस ठेवलेला असे. कागदावर तो इंजिनिअर. खरं काम वेगळंच. सुटकेसमध्ये सॉसेज आणि कोन्याकच्या, म्हणजे दारूच्या, बाटल्या भरून आगगाडीने दुसऱ्या गावच्या कारखान्यात जायचं, तिथल्या स्टोअरवाल्याला खूश करायचं आणि बेअरिंगं घेऊन यायचं. त्यांच्या भाषेत अशा माणसाला ‘ढकल्या’ म्हणत.

“मी आमचा ढकल्या होतो,” व्हिक्टर म्हणाला. “आणि चांगला होतो.”

तो हे अशा अभिमानाने म्हणाला, की जणू शाळेत पहिला आला होता. तो पुढे सांगत होता, की दाताच्या डॉक्टरला नाटकाची तिकिटं दिली की दात लवकर बघायचा, आणि गावात खाटकाइतका मान कुणालाच नव्हता. मी मान हलवत होते. मनात म्हणत होते, हा गुन्हा कबूल करतोय आणि वर मला सूप पाजतोय.

त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चॉकलेटचा डबा. चिठ्ठी नाही. मी तो उचलला आणि नियमाप्रमाणे एचआरकडे जमा केला. पुढच्या आठवड्यात मी त्याला पुन्हा बिलावरून टोकलं, तर दुसऱ्या दिवशी मँगोस्टीनची पिशवी. तीही जमा. मी जितकी कडक बोलायचे तितकी भेट मोठी व्हायची. एचआरची मुलगी मला बघितली की हसायला लागली, कारण फळं परत करता येत नव्हती आणि ती त्यांनाच खावी लागत होती.

घरी जेवताना मी रोज मंदारला हे सगळं सांगायचे. की तो रशियन लाच देतो, की या देशात लाच घेणारा आणि देणारा दोघेही आत जातात, की त्याला माल पुरवणारी एक टोळी नक्की आहे आणि ती मी शोधणार. मंदारचा स्वभाव बडबडा. पण या विषयावर तो एकदम गप्प व्हायचा आणि भाताकडे बघत बसायचा. एकदा मात्र त्याने हळूच विचारलं, की समजा कुणी डिपेंडंट पासवर असेल, आणि त्याने पैसे न घेता कुणाला काही दिलं, तर तेही आत जातात का? मी म्हटलं, आधी तेच जातात. त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं. एवढा संशयी स्वभाव माझा, पण नवऱ्याच्या ठसक्याचा मला संशय आला नाही.

त्याच आठवड्यात आमच्या कुकरची शिट्टी पुन्हा व्हायला लागली. जुनी रिंग झिजली होती आणि आमच्या भारतीय कुकरच्या मापाची तिथे मिळत नव्हती. मंदारने नवी आणून बसवली होती. मी विचारलं, कुठे मिळाली? तो म्हणाला, मिळाली. आमटी चांगली शिजली होती, मी पुढे काही विचारलं नाही.

मग तो ड्रॉवर. व्हिक्टर जेवायला गेला असताना मी त्याच्या टेबलावर स्क्रू-ड्रायव्हर शोधत होते. शोधत होते म्हणजे, निमित्त तेच होतं. खालचा ड्रॉवर उघडा होता. आत प्लास्टिकची जाड पाकिटं, हवा काढून कडक सील केलेली, विटांसारखी ओळीने रचलेली. आतमध्ये पिवळसर पूड. प्रत्येकावर मार्करने एकच अक्षर, ‘एम’.

आमच्या स्टोअरमध्ये कुलपात एक पिवळी पावडर असायची. महाग आणि विषारी. किल्ली माझ्याकडे. ती कमी भरली तर पहिली मान माझी. मी धावत जाऊन तिचं वजन केलं. बरोबर भरलं.

दुसरा कुणी असता तर तिथे थांबला असता. माझं डोकं म्हणालं, वजन बरोबर आहे म्हणजे चोर किती हुशार बघ. खरी काढून घेतली आणि तेवढ्याच वजनाचं भलतंच काहीतरी भरून ठेवलं.

त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी व्हिक्टरच्या मागे गेले. होय, पाठलाग केला. त्याच एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, शेजारच्या डब्यात, तोंडासमोर मोबाइल धरून. क्लेमेंटी उलट्या दिशेला, आणि मी बेडोकला निघालेली. तिथे तो खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये शिरला. मी उसाच्या रसाच्या स्टॉलआड उभी राहिले. स्टॉलवाल्या आंटीने मला विचारलं, रस हवा की नको, म्हणून मला रस घ्यावा लागला.

व्हिक्टर एका टेबलाशी गेला. तिथे हाफ पँट घातलेला एक चिनी अंकल बसला होता. व्हिक्टरने जाळीच्या पिशवीतून पिवळं पाकीट काढून त्याला दिलं. अंकलने ते उजेडाकडे धरून बघितलं, मान डोलावली, आणि टेबलाखालून एक लहानसा खोका पुढे सरकवला. दोघांनी हात मिळवले. मी रसाचा ग्लास तसाच ठेवून स्टेशन गाठलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच मी मिसेस लिमच्या केबिनमध्ये होते. मिसेस लिम म्हणजे आमच्या बॉस. बारीक चणीच्या, शांत आणि मोजकं बोलणाऱ्या. मी सगळं सांगितलं. रिंग, चॉकलेटं, ढकल्या, बेडोक, पाकिटं. त्यांनी सेफ्टी ऑफिसर नाथनला बोलावलं. नाथन तमिळ, गंभीर, आणि सुरक्षेच्या बाबतीत माझ्याहून कडक. त्याने मला विचारलं, पाकीट उघडलंस का? वास घेतलास का? मी ताठ मानेने सांगितलं, की अनोळखी पावडरचा वास घ्यायचा नाही हे आपल्या ट्रेनिंगमध्ये मीच सगळ्यांना शिकवते.

मग तो म्हणाला, “नीट विचार करून सांग. पावडर ओळखीची की अनोळखी?”

मी म्हटलं, “अनोळखी.”

या एका शब्दावर त्या इमारतीत काय काय होतं, ते मला तेव्हा कळलं. घंटा वाजल्या. लिफ्ट बंद. एसी बंद. सगळे जिन्याने खाली. कुणाचा प्रयोग अर्धा राहिला, कुणाचं जेवण मायक्रोवेव्हमध्ये राहिलं. नाथन पांढरा पोशाख आणि मास्क चढवून आत गेला. बाकी सगळे हिरवळीवर, आणि सिंगापूरचं दुपारचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. लोक एकमेकांना विचारत होते काय झालं, आणि मी आपली गंभीर चेहऱ्याने, कर्तव्य केल्यासारखी उभी.

तेवढ्यात समोरून व्हिक्टर आला. जाळीच्या पिशवीत पपई. तो बाहेर कुठेतरी गेला होता. त्याने शांतपणे माझ्या शेजारी उभं राहत विचारलं, आग लागली का? मी दोन पावलं लांब सरकले. त्याला वाटलं मला ऊन लागतंय, म्हणून त्याने माझ्यावर छत्री धरली. गुन्हेगाराच्या छत्रीखाली मी किती वेळ उभी होते, देव जाणे.

मग मी बाजूला जाऊन मंदारला फोन लावला. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. म्हटलं, पकडला त्याला. ड्रॉवरभर पिवळी पावडर निघाली, पाकिटावर एम लिहिलेलं, इमारत रिकामी केलीय.

पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला. मग मंदार म्हणाला, “अश्विनी, तू बसली आहेस का?”

“हिरवळीवर उभी आहे. का?”

“अगं, ते मेतकूट आहे.”

मी म्हटलं, काय?

“आपलं मेतकूट. मी भाजतो, मिक्सरवर दळतो आणि त्याला देतो. एम म्हणजे मेतकूट. म्हणजे मी मंदारचा एम म्हणून लिहिला होता, त्याला वाटलं मेतकुटाचा.”

मग सगळं बाहेर पडलं. आमच्या ऑफिसच्या कौटुंबिक जेवणाला मंदार डब्यात मेतकूट-भात घेऊन आला होता. व्हिक्टरने तो चाखला, आणि त्याला त्यात आपल्या ढकलेपणाचं भविष्य दिसलं. दर आठवड्याला मंदार त्याला पाकिटं द्यायचा. व्हिक्टर ती हवाबंद करायचा. एक पलीकडच्या लॅबमधल्या मायक्रोस्कोपवाल्याला, एक काचेची भांडी करणाऱ्याला, एक बेडोकच्या अंकलला. तो अंकल निवृत्त कारागीर होता, रबर कापण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या आजारी बायकोला कांजीवर घालून ते फार आवडायचं. पंपाची रिंग त्यानेच कापली होती. आणि आमच्या कुकरचीही. ज्या टोळीला मी शोधत होते, तिचा कारखाना माझ्या ओट्यावर होता. मी रोज जेवताना तुरुंगाच्या गोष्टी सांगायचे, म्हणून मंदारची बोलायची हिंमत होईना.

आता विचार करा. मेतकूट. जन्मापासून खाल्लेलं. आजारपणात, परीक्षेत, प्रवासात. आणि मी काय सांगितलं होतं? अनोळखी.

मिसेस लिमकडे चालत गेले ते अंतर मला अजून आठवतं. आत मास्क घातलेला नाथन चिमट्याने पाकीट उचलत असेल, हे डोळ्यांसमोर येत होतं. मी त्यांना हळूच सांगितलं, की ती पावडर खायची आहे.

मिसेस लिमनी विचारलं, कशाची आहे? मी म्हटलं, डाळी आणि तांदूळ भाजून, हिंग आणि हळद घालून केलेली. त्यांनी विचारलं, धोकादायक? मी म्हटलं, नाही, आम्ही आजारी माणसाला देतो. बरं वाटावं म्हणून. मऊ भात आणि तुपाबरोबर.

त्या वॉकीटॉकी तोंडाशी धरून एवढंच म्हणाल्या, “नाथन, मास्क काढ. जेवण आहे.”

संध्याकाळी त्यांच्या केबिनमध्ये मी आणि व्हिक्टर शेजारी शेजारी बसलो. मला वाटलं आता तो माझ्यावर चिडेल. पण तो गोंधळलेला दिसत होता. त्याने मिसेस लिमना विचारलं, की ही बाई तक्रार कशी करेल? माल तर हिच्याच घरचा. तो म्हणाला, मला वाटलं हीच यातली मुख्य आहे. ती बिलं मागायची, आवाज चढवायची, तेव्हा मला वाटायचं हिला वाटा कमी पडतोय. म्हणून मी चॉकलेटं दिली. मग फळं दिली. तरी ही खूश होईना. आमच्याकडच्या कुठल्याही स्टोअरवालीपेक्षा ही महाग पडली.

मिसेस लिम खिडकीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने परत वळून त्यांनी निकाल दिला. माणसांनी एकमेकांना खाऊ द्यावा, हरकत नाही. पण लॅबमध्ये येणारी वस्तू कागदोपत्री माझ्या खात्यातूनच येईल. बेडोकच्या अंकलला रीतसर काम द्यावं आणि रीतसर बिल घ्यावं. आणि मी कुठलीही पावडर कळवण्याआधी एकदा घरी फोन करावा.

तुम्हाला वाटेल इथे संपलं. नाही. ज्या पावडरीमुळे आपण उन्हात उभे राहिलो ती लागते तरी कशी, म्हणून अख्ख्या इमारतीला उत्सुकता. कुणी व्हिक्टरकडे मागायचं, कुणी जिन्यात मला गाठून. मंदारला दिवसभर डाळी भाजायला लागायच्या. आमच्या मजल्यावरची मुलंसुद्धा लिफ्टमध्ये भेटली की विचारायची, “आंटी, येलो पावडर गॉट ऑर नॉट?” मी संकोचाने मंदारकडे बोट दाखवायचे.

महिन्याभराने मला चांगलाच ताप भरला. तोंडाला चव नाही. मी मंदारला म्हटलं, बाकी काही नको, मऊ भात कर आणि वर तूप-मेतकूट घाल. त्याने डबा उपडा करून दाखवला. म्हणाला, सगळं गेलं, आता डाळ आणल्यावर रविवारी. मी अंथरुणावरून त्याच्याकडे असं बघितलं, की तो म्हणाला, व्हिक्टरकडे असेल, विचारून बघ.

काय करणार? तापलेल्या डोक्याने फोन लावला. माझ्याच घरचं, माझ्याच नवऱ्याने केलेलं मेतकूट मागायला. व्हिक्टरने आधी आस्थेने तब्येत विचारली, लिंबूपाणी पी म्हणाला, झोप म्हणाला. मग जरा थांबून, अगदी अदबीने म्हणाला,

“एकच पाकीट उरलंय, अश्विनी. पण रांग आहे. आधी मिसेस लिम, त्यांच्यामागे नाथन. तुझा नंबर नाथनच्या मागे लावू का?”

मी म्हटलं, “लाव.”